गर्भाशयमुखाचा कर्करोग : किमोचा गुण येईल का, हे एमआरआय आधी सांगू शकतो का?

एमआरआयच्या खोलीबाहेर बसलेल्या माणसांना रिपोर्टातल्या लांबलचक शब्दांशी काही देणंघेणं नसतं. त्यांना एवढंच हवं असतं : औषध लागू पडतंय का? मी हे स्कॅन वाचण्याचं काम करते. तोच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून इतक्यांदा ऐकलाय, की त्याची उत्तरं एकदा सविस्तर लिहावीत असं वाटलं. इथली माहिती तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही. पण त्यांच्यासमोर बसाल तेव्हा ते काय बोलताहेत हे उमगायला तिची मदत होईल.

एमआरआय बघून किमोचा गुण येईल की नाही, हे खरंच आधी कळतं का?

काही प्रमाणात कळतं. ठामपणे कळत नाही.

इथे दोन प्रश्न एकमेकांत मिसळतात, ते आधी सुटे करू. उपचार सुरू होण्याआधी एकदा स्कॅन काढायचा आणि त्या एका चित्रावरून पुढचं सांगायचं, हा पहिला. उपचार सुरू झाल्यावर दोन-चार आठवड्यांनी पुन्हा स्कॅन काढायचा, आधीच्याशेजारी ठेवायचा आणि गाठीत काय बदललं ते बघून पुढचा अंदाज बांधायचा, हा दुसरा. लोकांच्या मनात बहुतेक वेळा पहिला असतो, पण भरवसा दुसऱ्यावर जास्त ठेवता येतो. एका बाईची गाठ दुसरीच्या गाठीशी ताडून बघण्यापेक्षा तिच्याच पंधरा दिवसांपूर्वीच्या गाठीशी ताडली, तर ती कितीतरी जास्त बोलते. खालची सगळी उत्तरं वाचताना हा फरक ध्यानात ठेवा.

किमो तर रेडिएशनसोबतच देतात. मग गुण कशाचा मोजायचा?

प्रश्न अगदी बरोबर आहे. खूप लेखांत हा गोंधळ तसाच राहून गेलेला दिसतो.

गाठ मोठी असेल किंवा आजार गर्भाशयमुखाबाहेर आजूबाजूला सरकला असेल, तर शस्त्रक्रियेऐवजी रेडिएशन आणि किमो बरोबरीने देतात. ही पद्धत १९९९ पासून रूढ झाली. पाच मोठ्या चाचण्यांचे निकाल एका सुरात आले, आणि रेडिएशनसोबत सिस्प्लॅटिनवर आधारित किमो द्यावी अशी सूचना अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने त्या वर्षी डॉक्टरांना दिली. सहसा सिस्प्लॅटिन आठवड्यातून एकदा, शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला ४० मिलिग्रॅम या हिशोबाने, पाच-सहा वेळा देतात. इथे या औषधाचं मुख्य काम रेडिएशनचा घाव खोल करण्याचं असतं. या काळात काढलेला स्कॅन दोघांचा मिळून परिणाम दाखवतो. त्यातला किमोचा वाटा किती आणि रेडिएशनचा किती, हे चित्रातून वेगळं काढता येत नाही.

फक्त किमोचा गुण दिसतो तो किमो आधी दिली तर. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरलेस’ या चाचणीत ५०० रुग्ण होत्या. त्यांतल्या निम्म्यांना रेडिएशन आणि सिस्प्लॅटिनच्या आधी सहा आठवडे दर आठवड्याला कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल दिलं. पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांचं प्रमाण या गटात ८० टक्के होतं, तर नेहमीच्या उपचारांच्या गटात ७२ टक्के. तेव्हापासून आधी दिलेल्या किमोकडे पुन्हा गांभीर्याने बघितलं जातंय, आणि त्या सहा आठवड्यांत काढलेला एमआरआय निव्वळ औषधाबद्दल बोलतो.

आधी किमो आणि मग शस्त्रक्रिया हा मार्ग मात्र वेगळा. टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, पाच वर्षं आजार न उलटण्याच्या बाबतीत तो किमो-रेडिएशनच्या मागे पडला. तेव्हा ‘आधी किमो’ हे शब्द कानावर आले, तर पुढे रेडिएशन आहे की शस्त्रक्रिया, हे लगेच विचारून घ्या.

सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनवर का भागत नाही?

गर्भाशयमुख, योनी, मूत्राशय आणि गुदाशय एकमेकांना चिकटून असतात, आणि सगळे मऊ अवयव. सीटीत गाठ आणि तिच्याभोवतीची निरोगी पेशीजालं जवळजवळ एकाच करड्या रंगात दिसतात. एमआरआयच्या टी-टू प्रकारच्या चित्रात मात्र गर्भाशयमुखाची निरोगी भिंत काळ्या कड्यासारखी उठून दिसते आणि गाठ त्यात फिकट करडी. कडं कुठे अखंड आहे आणि कुठे तुटलंय, हे डोळ्यांनी दिसतं. स्त्रीरोग आणि प्रसूतितज्ज्ञांच्या ‘फिगो’ या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१८ मध्ये आजाराची पायरी ठरवताना स्कॅनची माहिती अधिकृतपणे धरायला परवानगी दिली. त्याआधी मुख्य भिस्त हाताने केलेल्या तपासणीवर असे.

फुप्फुसं किंवा यकृतात पसरलेला आजार बघायला सीटी किंवा पेट-सीटीच लागतो. ओटीपोटातल्या गाठीसाठी एमआरआय, असं हे वाटप आहे.

पहिल्या स्कॅनवरून काय अंदाज येतो?

गाठीचा आकार, ती बाजूच्या पेशीजालात किती शिरली आहे, वर गर्भपिशवीत चढली आहे का, लसिकाग्रंथी सुजल्या आहेत का आणि मूत्रनलिका दाबली जाऊन मूत्रपिंडाला सूज आली आहे का, या गोष्टींवरून आजाराचा जोर कळतो. चार सेंटिमीटरपेक्षा मोठी गाठ आणि आजार पोचलेल्या ग्रंथी असतील, तर वाट अवघड होते. यात नवीन तंत्र काहीच नाही, तरी भाकीत करण्यात या साध्या गोष्टींचा वाटा अजूनही मोठा आहे. नव्या मोजमापांच्या कौतुकात हे विसरलं जातं, म्हणून सांगितलं.

मूत्रनलिकेच्या दाबाला आणखी एक महत्त्व आहे. सिस्प्लॅटिन मूत्रपिंडाला जड जातं. मूत्रपिंड आधीच दबलेलं असेल तर ते औषध पूर्ण मात्रेत देता येत नाही, आणि पूर्ण मात्रा न मिळाल्याचा परिणाम उपचारावर होतो. अशा वेळी मूत्रनलिकेत स्टेंट टाकून किंवा पाठीतून मूत्रपिंडात नळी घालून लघवीची वाट आधी मोकळी करतात. अर्थात, एमआरआयने इथे गाठीबद्दल भाकीत केलेलं नसतं. त्याने उपचारातला अडथळा वेळेत दाखवलेला असतो.

रिपोर्टात ‘डिफ्यूजन रिस्ट्रिक्शन’ आणि ‘एडीसी’ असं काही लिहिलंय. ते काय?

घाबरू नका. गाठ कुठे आहे हे सांगणारे ते शब्द आहेत, आणि या आजाराच्या जवळजवळ प्रत्येक रिपोर्टात ते असतात.

आपल्या शरीरातल्या पाण्याचे रेणू सतत इकडेतिकडे हलत असतात. रिकाम्या अंगणात माणूस हवा तिकडे फिरतो, खचाखच भरलेल्या खोलीत त्याला पाऊलही टाकता येत नाही. पाण्याचंही तसंच. कर्करोगाच्या गाठीत पेशी एकमेकींना खेटून असतात, त्यामुळे त्यांच्यामधल्या पाण्याला हलायला जागा उरत नाही. डिफ्यूजन प्रकारच्या एमआरआयमध्ये अशी कोंडलेली जागा चकचकीत दिसते. पाणी किती मोकळेपणी हलतंय हे जो आकडा सांगतो, तो एडीसी. त्याचं एकक चौरस मिलिमीटर प्रति सेकंदाचा हजारावा भाग. या एककात गर्भाशयमुखाच्या गाठीचा आकडा बहुधा १ च्या आसपास किंवा त्याखाली असतो, आणि निरोगी भागाचा त्याहून बराच वर, साधारण दीडच्या घरात.

आता गंमत बघा. औषध आणि रेडिएशन लागू पडलं की पेशी फुटतात, त्यांच्यातली दाटी मोडते आणि पाणी मोकळं होतं. म्हणजे एडीसी वाढतो. हा बदल गाठ आकाराने लहान होण्याच्या आधी दिसू शकतो. मेलेल्या पेशींचा निचरा व्हायला शरीराला वेळ लागतो, त्यामुळे सुरुवातीच्या आठवड्यांत गाठ बाहेरून तेवढीच दिसते आणि आतून मात्र विरळ होत गेलेली असते. किमो-रेडिएशन सुरू झाल्यावर दोन आठवड्यांतच एडीसीत झालेली वाढ आणि नंतर मिळालेला चांगला प्रतिसाद यांचा संबंध २००८ च्या सुमारास छोट्या अभ्यासांतून दिसू लागला. पुढे अनेक ठिकाणच्या अभ्यासांनी त्याला दुजोरा दिला.

मग पहिल्याच स्कॅनमध्ये एडीसी कमी असेल तर ते वाईट का?

तसं सरळ नाही. काही अभ्यासांत सुरुवातीचा कमी एडीसी वाईट निकालाशी जोडलेला आढळला, काहींत नेमका उलट. याची कारणं समजण्यासारखी आहेत. गाठीचा मधला भाग रक्त न मिळाल्याने आधीच सडलेला असेल तर तिथला एडीसी जास्त येतो, आणि अशी रक्ताविना राहिलेली गाठ उपचारांना दाद कमी देते. शिवाय पेशींच्या प्रकारानुसारही आकडा बदलतो. श्लेष्मा तयार करणाऱ्या अडिनोकार्सिनोमाचा एडीसी मुळातच जास्त असतो. यंत्र कोणतं, त्याच्या सेटिंग काय आणि वाचणाऱ्याने गाठीभोवती रेघ कुठून ओढली, यानेही दशांश स्थळं हलतात.

इंटरनेटवर सापडलेला एखादा आकडा रिपोर्टातल्या आकड्याशेजारी ठेवून जीव टांगणीला लावू नका, असं मी प्रत्येकीला सांगते. पहिल्या एडीसीला त्याच यंत्रावरच्या दुसऱ्या एडीसीच्या सोबतीनेच अर्थ येतो.

काँट्रास्टचं इंजेक्शन देऊन काय कळतं?

गाठीला रक्त किती आणि कसं मिळतंय, हे कळतं. मला स्वतःला या विषयातला हा सर्वांत विचार करायला लावणारा भाग वाटतो.

गॅडोलिनियमचं इंजेक्शन शिरेतून देतात आणि काही सेकंदांच्या अंतराने एकामागून एक चित्रं घेत राहतात. औषध गाठीत किती झपाट्याने शिरतं, किती साठतं आणि किती वेगाने बाहेर पडतं, त्याचा आलेख तयार होतो. काही भाग पटकन उजळतात, काही अंधारातच राहतात. हे अंधारे भाग महत्त्वाचे. रक्तवाहिनीपासून प्राणवायू साधारण १०० ते १५० मायक्रॉनपर्यंतच झिरपतो, म्हणजे एका मिलिमीटरच्या सहाव्या-सातव्या भागाइतकाही मुश्किलीने. त्यापलीकडच्या पेशी प्राणवायूवाचून राहतात. प्राणवायू नसलेल्या पेशी मारायला रेडिएशनची मात्रा अडीच ते तीनपट लागते. आणि जिथे रक्तच पोचत नाही तिथे शिरेतून दिलेलं सिस्प्लॅटिन तरी कसं पोचणार? एकाच कमतरतेपायी दोन्ही उपचार लंगडे पडतात.

हा नुसता तर्क नाही. जर्मनीत होकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाठीत बारीक सुईसारखे इलेक्ट्रोड घालून प्रत्यक्ष प्राणवायू मोजला. ज्यांच्या गाठीत तो कमी होता, त्यांचा आजार जास्त आक्रमक निघाला, हे त्यांनी १९९६ मध्ये मांडलं. त्याच वर्षी अमेरिकेत नीना मेयर आणि सहकाऱ्यांनी हीच गोष्ट सुई न टोचता, वेगवान एमआरआयने गाठीतला रक्तपुरवठा मोजून आधी ओळखता येईल असं दाखवलं. पुढे ओस्लोमधल्या संशोधकांनी काँट्रास्टच्या आलेखातली मोजमापं आणि गाठीतल्या प्राणवायूच्या तुटवड्याशी निगडित जनुकं यांचा मेळ घालून बघितला, आणि तो बसला.

मेयर यांच्या गटाने नंतर अनेक वर्षं एकाच रुग्णेचे पाठोपाठचे एमआरआय घेऊन गाठीचं घनफळ आणि रक्तपुरवठा उपचारादरम्यान कसा बदलतो, याचाही पाठपुरावा केला. सुरुवातीला रक्त कमी मिळणारी गाठ पुढच्या काही आठवड्यांत उजळू लागली तर ते आशेचं लक्षण, सतत अंधारी राहिली तर चिंतेचं, असा त्या कामाचा साधारण रोख आहे.

अंगातलं हिमोग्लोबिन कमी असणं आणि उपचाराच्या काळात धूम्रपान चालू राहणं, या दोन्हींचा वाईट निकालाशी संबंध आढळला आहे. त्यामागेही प्राणवायूचंच गणित असावं असं मानतात. अंगावरून खूप जाऊन रक्त कमी झालं असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

‘गाठ ३० टक्के कमी झाली’ म्हणजे नक्की किती?

कशाचे ३० टक्के, ते विचारा! व्यास आणि घनफळ यांत जमीनअस्मानाचा फरक आहे.

समजा गाठ ५ बाय ४ बाय ५ सेंटिमीटरची होती. अंडाकृती गाठीचं घनफळ काढायला या तिन्हींचा गुणाकार करून ०.५२ ने गुणतात. उत्तर ५२ मिलिलिटर. आता प्रत्येक बाजू ३० टक्क्यांनी आखडली : ३.५ बाय २.८ बाय ३.५. घनफळ सुमारे १८ मिलिलिटर. म्हणजे व्यास तिसऱ्या हिश्शाहूनही कमी घटला, पण गाठीचा जवळजवळ दोन-तृतीयांश ऐवज नाहीसा झाला.

गाठींचा प्रतिसाद मोजण्याच्या ‘रेसिस्ट’ या आंतरराष्ट्रीय नियमांत (सध्याची आवृत्ती २००९ ची) व्यास ३० टक्के किंवा जास्त घटला तर ‘अंशतः प्रतिसाद’ म्हणतात. ‘अंशतः’ हा शब्द ऐकून तोंडं उतरतात, पण आत्ताचं गणित आठवलं तर त्याचं वजन कळेल. शिवाय गर्भाशयमुखाची गाठ क्वचितच नीट गोल असते. ती आडवी पसरते, एका बाजूला फुगते, त्यामुळे एका रेषेतलं माप तिच्यावर अन्याय करतं. म्हणूनच अभ्यासांत शक्य तिथे घनफळ धरतात.

दुसरा स्कॅन कधी काढतात?

संशोधनात बहुधा दोन-तीन आठवड्यांनी. रोजच्या व्यवहारात, बाहेरून दिलं जाणारं रेडिएशन संपत आलं की, म्हणजे चौथ्या-पाचव्या आठवड्यात, आतल्या रेडिएशनची आखणी करण्यासाठी. आधी किमो दिली असेल तर किमो संपल्यावर. सगळ्याच केंद्रांत मधला स्कॅन काढत नाहीत. तो काढला नाही म्हणजे उपचारात कुचराई झाली, असं समजू नका.

मधल्या स्कॅनमध्ये ‘अपेक्षेइतका प्रतिसाद नाही’ असं आलं. आता किमो बदलायची का? की थांबवायची?

थांबवायची तर मुळीच नाही. हा शेरा वाचून उपचार अर्धवट सोडलेली माणसं मी बघितली आहेत, आणि त्याचं फार वाईट वाटतं.

बाहेरचं रेडिएशन आणि किमो हा उपचाराचा पहिला टप्पा आहे. गाठीवर सर्वांत मोठा मारा त्यानंतरच्या आतल्या रेडिएशनचा, म्हणजे ब्रॅकीथेरपीचा असतो. त्यात योनीमार्गातून नळ्या ठेवून किरणांचा स्रोत थेट गाठीजवळ नेतात. बाहेरून साधारण ४५ ते ५० ग्रे (ग्रे हे किरणांची मात्रा मोजण्याचं एकक) मात्रा मिळते. ब्रॅकीथेरपी धरून गाठीच्या भागापर्यंत एकूण ८५ ग्रे किंवा त्याहून जास्त पोचवण्याचं लक्ष्य असतं. म्हणजे मधला स्कॅन निघतो तेव्हा निर्णायक घाव अजून व्हायचा असतो. आणि हे सगळं आठ आठवड्यांच्या आत पुरं व्हावं लागतं. मध्ये खंड पडला तर उरलेल्या पेशी पुन्हा जोर धरतात.

मग कमी प्रतिसाद दिसल्याचा उपयोग काय? माझ्या मते एमआरआयचा सर्वांत पक्का उपयोग इथेच आहे. गाठ लहान झाली असेल तर साध्या नळ्यांनी किरणं सगळीकडे पोचतात, आणि मूत्राशय व गुदाशय वाचवता येतात. गाठ अजून बाजूला पसरलेली असेल तर नळ्यांच्या जोडीने बारीक सुया गाठीच्या उरलेल्या भागात घालून तिथली मात्रा वाढवता येते. आधी जिथे आजार होता आणि आता जिथे धूसर करडा पट्टा उरलाय, तोही भाग आखणीत धरतात. ‘एम्ब्रेस’ नावाच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात १३०० हून अधिक रुग्णांना अशी एमआरआय बघून आखलेली ब्रॅकीथेरपी दिली. २०२१ मध्ये त्याचे निकाल आले : पाच वर्षांनी ९२ टक्के रुग्णांत ओटीपोटातल्या मूळ जागी आजार काबूत होता. यात मोठ्या गाठी आणि पुढच्या पायरीचे आजारही होते.

औषध बदलण्याचा मुद्दा वेगळा. मधल्या एमआरआयवरून एक किमो काढून दुसरी दिल्याने आयुष्य वाढतं, असं दाखवणारा भक्कम पुरावा उपलब्ध नाही, म्हणून डॉक्टर सहसा तसं करत नाहीत. यात त्यांची बेफिकिरी नसते, उलट सावधपणा असतो.

संगणक एमआरआय वाचून ८० टक्के अचूक भाकीत करतो असं वाचलं. मग ते वापरत का नाहीत?

या तंत्राला रेडिओमिक्स म्हणतात. डोळ्यांना न दिसणारे गाठीच्या पोताचे शेकडो गुणधर्म संगणक मोजतो आणि कोणत्या पोताच्या गाठींना गुण आला, हे शिकतो. काम खरं आहे, आणि मला त्याबद्दल आशा आहे. पण ८० टक्के हा आकडा कागदावर मांडून बघू.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. १००० रुग्ण. त्यांतल्या ९२० जणींचा आजार काबूत येणार आहे, ८० जणींचा नाही. चाचणी दोन्हीकडे ८० टक्के बरोबर आहे असं धरू. ज्यांना गुण येणार नाही अशा ८० पैकी ६४ जणींना ती अचूक ओळखेल, १६ जणी निसटतील. ज्यांना गुण येणार आहे अशा ९२० पैकी १८४ जणींनाही मात्र ती चुकून ‘गुण येणार नाही’ असं सांगेल. म्हणजे धोक्याचा शेरा मिळालेल्या एकूण २४८ जणी, आणि त्यांतल्या फक्त ६४ खऱ्या. दर चार जणींतल्या तिघींना विनाकारण हादरा, आणि त्या शेऱ्यावरून औषध बदललं तर त्या तिघींचा चांगला चाललेला उपचार बिघडवला. उपचार जितके चांगले होतील तितकं हे गणित अवघड होत जातं, कारण ज्यांना गुण येत नाही अशा रुग्ण थोड्या उरतात आणि गर्दीतून त्यांनाच हुडकायचं असतं.

दुसरी अडचण यंत्रांची. एका रुग्णालयातल्या स्कॅनवर शिकलेला संगणक दुसऱ्या कंपनीच्या, दुसऱ्या चुंबकशक्तीच्या यंत्रावरची चित्रं बघून गोंधळतो. त्यातले बरेच अभ्यास शंभर-दोनशे रुग्णांवरचे आणि जुन्या नोंदी चाळून केलेले आहेत. निरनिराळ्या देशांतल्या, निरनिराळ्या यंत्रांवरच्या रुग्णांवर आधी ठरवून तपासलेलं भाकीत हवं.

अंगावरून जाणं थांबलंय. म्हणजे गुण आला ना?

चांगलं लक्षण आहे, आनंद माना. पण रक्तस्राव थांबतो तो गाठीचा पृष्ठभाग आखडल्याने. आत किती उरलंय ते त्यावरून कळत नाही.

स्कॅनच्या आधी काय काळजी घ्यायची?

बहुतेक ठिकाणी चार-सहा तास उपाशी राहायला सांगतात. आतड्यांची हालचाल मंदावण्यासाठी एक इंजेक्शन देतात, नाहीतर चित्र हलतं. मूत्राशय तुडुंब भरलेलंही नको आणि पूर्ण रिकामंही नको. अर्धा-पाऊण तास न हलता पडून राहायचं असतं आणि यंत्राचा आवाज मोठा असतो, त्यासाठी कानात बोळे देतात. बंद जागेची भीती वाटत असेल तर आधीच सांगा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पेसमेकर, कानातलं कॉक्लिअर यंत्र, मेंदूतल्या रक्तवाहिनीवरची क्लिप किंवा अंगात राहिलेला धातूचा कण असेल तर स्कॅनच्या खोलीत जाण्यापूर्वी सांगायलाच हवं. मूत्रपिंडाचं काम खूप मंदावलं असेल किंवा गर्भ राहिल्याची शक्यता असेल तर काँट्रास्टचा निर्णय विचारपूर्वक घेतात. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात, त्यामुळे पुन्हापुन्हा केल्याने किरणांचा त्रास होईल ही भीती नको.

आणि शक्यतो दोन्ही स्कॅन एकाच यंत्रावर काढा. हे मी वर सांगितलंय, तरी पुन्हा सांगते.

वय कमी आहे, पुढे मूल हवंय. आधी किमो देऊन एमआरआय करू असं डॉक्टर म्हणाले.

गाठ दोन ते चार सेंटिमीटर असेल, आजार बाहेर गेला नसेल आणि ग्रंथी स्वच्छ असतील, अशा निवडक रुग्णांत काही केंद्रं हा मार्ग घेतात. किमोने गाठ आखडली तर गर्भपिशवी ठेवून फक्त तिच्या मुखाचा भाग काढता येतो का, हे बघायचं असतं. एरवी मी स्कॅनच्या भाकिताला जपून वापरा म्हणते, पण इथे एमआरआयचा कौल थेट निर्णय फिरवतो. गाठ दोन सेंटिमीटरच्या खाली आली का आणि गर्भाशयमुखाच्या वरच्या तोंडापासून ती किती अंतरावर आहे, ही दोन मापं फार महत्त्वाची ठरतात. प्रतिसाद पुरेसा नसेल तर हा विचार सोडून नेहमीच्या उपचारांकडे वळावं लागतं, याची मनाची तयारी आधीपासून ठेवावी लागते. हा अनुभव असलेल्या केंद्राचं दुसरं मत जरूर घ्या.

उपचार संपून तीन आठवडे झाले. आताच एमआरआय करून बघू का?

थोडं थांबा. रेडिएशननंतर त्या भागाला सूज असते. सूज आणि उरलेली गाठ टी-टू चित्रात सारखीच दिसू शकतात, आणि घाईने काढलेला स्कॅन नसलेला आजार दाखवून घाबरवतो. सहसा तीन महिन्यांच्या सुमारास स्कॅन करतात. तेव्हा गर्भाशयमुखाचं ते काळं कडं पुन्हा सलग दिसू लागलं तर ते बघून मलाही फार बरं वाटतं. डिफ्यूजनच्या चित्रात चकचकीत काही उरलं नसेल तर खात्री वाढते. त्याच सुमारास केलेला पेट-सीटीही पुढच्या वाटचालीचा चांगला अंदाज देतो, हे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दिसलं आहे. शंका उरली तर तपासणी आणि गरज पडल्यास बायोप्सी.

डॉक्टरांना नेमकं काय विचारू?

‘गुण येईल का?’ हे विचाराच, मनात ठेवू नका. त्याच्या जोडीला हेही विचारा : हा स्कॅन कशाशी ताडून बघितला? गाठीचं माप व्यासाचं आहे की घनफळाचं? या रिपोर्टमुळे उपचारात काय बदलणार आहे? शेवटचा प्रश्न सर्वांत कामाचा. स्कॅनमुळे काहीच बदलणार नसेल तर तो आत्ता का काढायचा, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. आणि ब्रॅकीथेरपी कधी, कुठे आणि कोणत्या चित्रांवरून आखणार, हे पहिल्या भेटीतच विचारून ठेवा. ती सोय सगळीकडे नसते, आणि ऐनवेळी शोधाशोध करण्यात आठ आठवड्यांतले दिवस जातात.

पहिल्या स्कॅनची सीडी सापडत नाही, पण कागदी रिपोर्ट आहे. चालेल का?

कागदावरची मापं उपयोगी पडतात, पण तुलना करायला चित्रंच लागतात. जिथे स्कॅन केला तिथे चित्रं साठवलेली असण्याची शक्यता असते. स्कॅनची तारीख आणि नोंदणी क्रमांक घेऊन जा आणि दुसरी प्रत मागा. दुसऱ्या स्कॅनच्या दिवशी ती सोबत असू द्या, आणि रिपोर्ट लिहिणाऱ्याच्या हातात स्कॅन सुरू होण्याआधी द्या.